एकाच चिजेचा एनॉक

एनॉक बरोला पियानोवर एकच चीज वाजवता येत असे. दुसरी कुठलीही नाही. राजाचं गीत नाही, नाताळातलं गाणं नाही, चॅपलमधलं सोप्यातलं सोपं भजनसुद्धा नाही. पियानोपाशी बसलेल्या माणसाला लोक सहज म्हणतात, की आता जरा काही हलकंफुलकं होऊ द्या. तसं त्याला कुणी म्हटलं तर तो हात मांडीवर ठेवून शांतपणे सांगायचा, "ते मला येत नाही. मला हे येतं."

'हे' म्हणजे थॉर्नली नावाच्या एका लंडनवाल्या संगीतकाराने नुसत्या पियानोसाठी लिहिलेली 'ओहोटीची पुळण'. सात पानांची चीज, पण त्या सात पानांपुढे चांगली शिकलेली माणसं बिचकत. धड चाल म्हणावी तर नाही, ठेका धरावा तर सापडत नाही, सूर एकमेकांत विरघळत जातात आणि शेवट झाला हे टाळ्या वाजवणाऱ्यांना शेजाऱ्याकडे बघून कळतं. एनॉक ती शिकायला लागला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याआधी त्याने पियानोला एकदाच हात लावला होता, तोही उचलायला. चॅपलच्या नव्या खोलीत पियानो चढवताना जे चौघे होते त्यांतला एक तो.

क्रॅगफूट गावाच्या रेल्वे पुलाच्या अलीकडच्या टोकाला सिग्नलची केबिन आहे, तिथे एनॉक बावीस वर्षं काम करत होता. अंगाने आडवा, मान आखूड, हात फावड्यासारखे. पलीकडच्या केबिनला घंटेने विचारायचं, उलट घंटा आली की खटका ओढायचा, गाडी पुलावर सोडायची, वहीत वेळ लिहायची. मधल्या वेळात पितळ पुसायचं. केबिनला तीन बाजूंनी काचा होत्या आणि तिन्ही काचांतून मोरकॅम्बची खाडी दिसायची. दिवसातून दोनदा भरायची, दोनदा रिकामी व्हायची. गावातल्या करंदीवाल्या कोळ्यांना ती पायांनी ठाऊक होती, एनॉकला डोळ्यांनी. पाणी पुलाच्या कितव्या कमानीशी आहे एवढं बघून तो घड्याळाशिवाय वेळ सांगायचा, आणि त्याच्याशी पैज लावणं गावाने कधीच सोडून दिलं होतं.

एकोणीसशे चोवीस सालच्या फेब्रुवारीत सहकारी सोसायटीच्या हॉलमध्ये एका शनिवारी दुपारी संगीताचा कार्यक्रम होता. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी. एनॉकची बायको डिना चहाच्या टेबलावर मदतीला होती, म्हणून दोघांना पुढची जागा मिळाली. मँचेस्टरहून आलेल्या मिस क्वेल नावाच्या बाई वाजवत होत्या. पहिले तीन तुकडे लोकांना आवडले. चौथा सुरू झाला आणि हॉलमध्ये खोकल्याची साथ आली. कुणी टोपी शोधायला लागलं, कुणी चुळबुळ करायला लागलं. डिनाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

"झोपलास काय?" तिने कोपराने ढोसलं.

"पाणी उतरतंय," एनॉक म्हणाला.

"कसलं पाणी?"

"खाडीचं. आता दहाव्या कमानीशी आहे. गप्प बस."

ताप आलेल्या माणसाकडे बघावं तसं डिनाने त्याच्याकडे बघितलं. चीज संपली तरी तो उठला नाही. मग सगळे चहाकडे वळले तेव्हा तो सरळ पियानोपाशी गेला आणि मिस क्वेलना म्हणाला, "बाई, ही आमची खाडी आहे."

त्या हसल्या. "थॉर्नलींनी कुठली खाडी ते लिहिलेलं नाही."

"लिहायची गरजच नाही. आमचीच आहे. नाव काय म्हणालात ह्याचं?"

त्यांनी कार्यक्रमाच्या कागदामागे नाव लिहून दिलं. एनॉकने तो कागद घडी करून पगाराच्या पाकिटासारखा आतल्या खिशात ठेवला.

महिन्याभरात लंडनहून टपालाने छापील प्रत आली. एनॉक चॅपलमध्ये खर्जात गायचा, पण तिथे डो-रे-मीची अक्षरं लिहिलेली असत, त्यावरून सगळे गात. ह्या कागदावर अक्षरं नव्हती. मुंग्यांची वारुळं फुटावीत तसे काळे ठिपके पानभर पसरले होते. त्याने प्रत उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून, रविवारचा कोट घालून तो मिस ऑगस्टा इनमनच्या दारात उभा राहिला.

मिस इनमन गावातल्या पियानोच्या बाई. साठी उलटलेली, पाठ ताठ, बोलणं मोजकं. गावातल्या दोन पिढ्यांच्या बोटांवर त्यांच्या लाकडी पट्टीचा प्रसाद पडलेला होता.

"कुणासाठी शिकवणी हवी आहे?" त्यांनी विचारलं. "नातीसाठी?"

"माझ्यासाठी. मला हे शिकायचंय." त्याने प्रत पुढे केली.

त्यांनी चष्मा लावून दोन पानं चाळली. "मिस्टर बरो, चार वर्षं सरगम, मग सोपे धडे, मग कदाचित दहाव्या वर्षी आपण ह्याचा विचार करू."

"दहाव्या वर्षी मी अठ्ठावन्नचा असेन. मला सरगम नको. मला पियानो शिकायचाच नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"हे शिकायला."

"हे पियानोवर वाजवतात."

"ते माहीत आहे बाई. त्याला माझा इलाज नाही."

मिस इनमननी त्याला दार दाखवलं. तो गेला, पण प्रत टेबलावर विसरून गेला, किंवा विसरल्यासारखं करून गेला. त्यावर त्या पुढे नेहमी वाद घालत.

आठवड्याने तो परत आला तेव्हा प्रत पियानोवर उघडी होती. बाईंचा चेहरा आंबट झालेला होता.

"मी वाजवून पाहिलं," त्या म्हणाल्या. "ह्यात डोकं ना शेपूट. पहिल्या पानावर बारा वेळा तेच तेच चार सूर आहेत. माणसाला हात धुवायला पाणी मिळालं नाही म्हणून त्याने पियानोत बुचकळले, असं वाटतं."

"ते चार सूर तेच नाहीत. दर वेळी खालचा एक सूर बदलतो. पाणी उतरायला लागतं ना, तेव्हा वर काही कळत नाही. वरून तेच दिसतं. खालून ओढ लागते."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रोज दिसतं."

"मिस्टर बरो, ही ब्रायटनची पुळणही असू शकेल."

"ब्रायटनला गोटे आहेत बाई. माझी बहीण तिकडे दिली आहे. गोट्यांवरून पाणी जाताना खडखडतं. ह्यात कुठे खडखडाट आहे?"

मिस इनमननी पुन्हा ते पहिलं पान वाजवलं, खालचा सूर जरा दाबून. वाजवून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "हात दाखवा." त्याने दाखवले. त्यांनी सुस्कारा सोडला आणि गुरुवारी तीनला यायला सांगितलं.

कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधल्या जागेला एनॉक खण म्हणायचा. बाईंनी बरंच सांगून पाहिलं, पण त्याने शब्द सोडला नाही, शेवटी त्याही खण म्हणायला लागल्या. एकूण खण शहाण्णव. ठरलं असं की दर आठवड्याला एक खण. बाई वाजवून दाखवणार, कुठलं बोट कुठल्या पट्टीवर ते पेन्सिलीने लिहिणार, एनॉक तेवढंच घेऊन घरी जाणार. दोन वर्षं लागतील, बाई म्हणाल्या. एनॉक म्हणाला, रेल्वेत दोन वर्षांत नवा कंदीलसुद्धा मंजूर होत नाही, तेव्हा हे लवकरच झालं.

घरी पियानो नव्हता. त्याने एक लांब फळी घेतली, रंधली, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बरोबर मापाने रंगवल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. कामाच्या पाळ्यांमधून घरी आला की तो तिथे बसायचा आणि मुक्या फळीवर बोटं चालवायचा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डिना पावाची कणीक मळायची.

"माझी आई म्हणायची रेल्वेवाला करू नकोस," ती म्हणायची. "दारुडा निघेल म्हणायची. दारुडा परवडला असता. तो निदान शनिवारीच टेबल बडवतो."

"आवाज तर येत नाही ना?"

"तेच तर. बहिऱ्यांच्या शाळेत राहिल्यासारखं वाटतं. आज कितवा?"

"एकोणिसावा."

"काल पण एकोणिसावाच होता."

"काल अर्धा होता."

मंगळवार-शुक्रवार दुपारी चॅपलच्या खोलीतला पियानो मोकळा असे. तिथे तो फळीवरचं खऱ्या पट्ट्यांवर तपासून बघायचा. ह्यावर चॅपलच्या विश्वस्तांची एक बैठक झाली. म्हातारे एफ्राइम टायसन म्हणाले, की बरोच्या वाजवण्याला आमची हरकत नाही, पण तो जे वाजवतो ते संपत नाही, आणि न संपणारं संगीत धार्मिक आहे की कसं हे ठरवायला हवं. बराच खल झाला. शेवटी धर्मगुरूंनी विचारलं की त्यात शब्द आहेत का. नाहीत, म्हटल्यावर ते म्हणाले, मग त्यात वाईट शब्दही नसणार. परवानगी मिळाली.

डिनाचा भाऊ सायलस गाडीला घोडा जुंपून ओहोटीच्या वेळी करंदी धरायला खाडीत लांबवर जायचा. तो वाटेत केबिनखाली घोडा थांबवून वर ओरडायचा, "काय एनॉक, कुठवर आली गाडी?"

"बत्तिसाव्यावर."

"शहाण्णवला पोचेपर्यंत आमचा घोडा मरेल."

"घोड्याची तब्येत तुझ्यापेक्षा बरी आहे."

पुढच्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर डिनाने एक दिवस नवऱ्याला न विचारता खानावळीतला जुना पियानो विकत घेतला आणि सायलसच्या गाडीवर घालून घरी आणला. दोन पट्ट्या मुक्या होत्या, बाकी ठीक होता. एनॉक कामावरून आला आणि दारातच उभा राहिला.

"हे काय?"

"दीड वर्ष मी कणीक कशाच्या तालावर मळतेय ते मला ऐकायचंय," डिना म्हणाली. "बस आणि वाजव. हात धू आधी."

त्याने पहिल्यापासून जेवढे येत होते तेवढे एकाहत्तर खण वाजवले. डिना परातीला हात टेकून उभी होती. संपल्यावर ती म्हणाली, "हं." आणि पुन्हा मळायला लागली. पण त्या दिवसापासून तिने कितवा ते विचारणं सोडून दिलं. चुकला की तिलाच आधी कळायचं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बहात्तरपासून पंच्याहत्तरपर्यंतचे चार खण त्याला सात आठवडे येईनात. तिथे ओल्या वाळूवर उन्हाची चमक पसरावी तसे दोन्ही हातांचे सूर भराभर, अगदी हलके, एकमेकांवरून सरकत जातात. एनॉकची बोटं तिथे घोड्याच्या टापांसारखी पडायची. बाईंनी बोटं बदलून पाहिली, हात बदलून पाहिले.

"हे चार सोडून द्या," एका गुरुवारी त्या म्हणाल्या. "तिथून पुढे उडी मारा. कुणाला कळणार नाही."

"मधली केबिन सोडून गाडी पुढे नेता येत नाही बाई."

"मग काय करायचं? तुम्ही प्रत्येक पट्टी खटका ओढल्यासारखी ओढता."

"खटकाच ओढत आलोय आयुष्यभर."

मिस इनमन खिडकीशी गेल्या, परत आल्या. मग त्यांनी विचारलं, "खटके उघड्या हाताने ओढता?"

"छे. घामाने गंजतात. हातात फडकं असतं."

"आणि पुसता कसे?"

"असे." त्याने हवेत हात फिरवून दाखवला. खटक्याच्या मुठीवरून फडकं सरकवावं तसा, मनगट सैल, बोटं नुसती टेकलेली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तसाच हात खाली आणा. पट्ट्या पुसा. वाजवू नका. पुसा."

त्याने पुसल्या. सूर मागेपुढे पडले, दोन तर उमटलेच नाहीत, पण टापा गेल्या. त्या दिवशी मिस इनमननी त्याला पहिल्यांदा चहा विचारला.

शहाण्णवावा खण सव्विसच्या वसंतात झाला. त्यानंतर वर्षभर तो ती चीज नुसती सलग वाजवत राहिला, आणि सत्ताविसच्या सुरुवातीला जिल्ह्याच्या संगीत स्पर्धेचं पत्रक आलं. खुल्या गटात सगळ्यांनी वाजवायची चीज म्हणून 'ओहोटीची पुळण'च लावली होती. मिस इनमनची सगळ्यात हुशार शिष्या सिबिल हार्टली, वकिलाची मुलगी, उतरणार होतीच. एनॉकने स्वतःचं नाव स्वतःच पाठवलं आणि मग बाईंना सांगितलं.

बाईंचा रंग उडाला. "तिथे लंडनचे परीक्षक असतात. स्टेजवरून, सगळ्यांसमोर, एकेकाच्या चुका वाचून दाखवतात."

"दाखवू देत."

"तुमचं हसं होईल. माझंही होईल."

"बाई, तिथले परीक्षक कधी खाडीवर आले आहेत?"

"मला काय ठाऊक?"

"मग त्यांना एकदा दाखवायला नको का?" एनॉक म्हणाला, आणि रजेचा अर्ज द्यायला गेला.

स्पर्धा मे महिन्यात, सकाळी दहाला. चौदा स्पर्धक, बहुतेक सगळ्या विशीतल्या मुली, दोन बँकेतले कारकून, एक शाळामास्तर. सगळ्यांनी तीच चीज वाजवायची. सातव्यानंतर लोकांनी पत्रकाचे पंखे केले. सिबिल पाचवी होती. तिची बोटं खरोखर बघण्यासारखी होती. बहात्तर ते पंच्याहत्तर तिने असे वाजवले की एनॉक स्वतःशी मान हलवत राहिला.

त्याचा क्रमांक अकरावा. रविवारच्या कोटाची बाही पट्ट्यांना लागेल म्हणून डिनाने ती वर दुमडून टाका घातला होता. तो बसला तशी खुर्ची करकरली आणि मागे कुणीतरी हसलं. एनॉक घाईत नव्हता. गाडी यायची वेळ झालेली नसली की केबिनमध्ये बसतो तसा बसला, मग सुरू झाला. बाकीच्यांपेक्षा संथ. पहिल्या पानावरचा खालचा सूर प्रत्येक वेळी थोडा जास्त ओढ घेत गेला. मधे डावा हात एकदा घसरला, त्याने मागे वळून पाहिलं नाही. सुरांवरून फडकं फिरवत तो चमकत्या वाळूतून पार झाला आणि शेवटच्या पानाआधी जिथे विरामाची खूण आहे तिथे थांबला.

आणि थांबूनच राहिला. हात पट्ट्यांच्या वर तसेच. हॉलमध्ये आधी शांतता, मग कुजबुज. तिसऱ्या रांगेत मिस इनमननी डोळे मिटून घेतले. विसरला बिचारा, असं कुणीतरी अगदी ऐकू येईल असं म्हणालं. परीक्षक डॉक्टर लँगरिश टेबलावरून मान वर करून बघायला लागले. मग एनॉकने उजव्या हाताचा एकच सूर अगदी अलगद टेकवला, मग दुसरा, मग तीन-चार मिळून, आणि शेवटचं पान पूर्ण केलं.

निकालाच्या वेळी डॉक्टर लँगरिश कागद घेऊन स्टेजवर उभे राहिले. गोड बोलून टोचणारा माणूस. दहाजणांचं झालं.

"क्रमांक अकरा. विरामापाशी तुम्ही विसरलात का?"

एनॉक उभा राहिला. "नाही साहेब."

"तिथे सगळे साधारण तीन मोजून पुढे जातात. तुम्ही अकरा मोजले. मी मोजत होतो."

"बारा, साहेब."

हॉल हसला. डॉक्टरही थोडे हसले. "बारा का?"

"तिथे पाणी शेवटच्या कमानीतून गेलेलं असतं. आता पक्षी उतरणार. पण पाणी गेल्या गेल्या ते उतरत नाहीत. आधी चिखल जरा बसावा लागतो. त्याला वेळ लागतो."

"थॉर्नलींनी हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही. म्हणून तर मला इथे येऊन सांगावं लागलं."

पुन्हा हसू आलं, पण ह्या वेळी लोक त्याच्या बाजूने हसत होते. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं. "मला गुण द्यायचे ते कागदावर जे छापलंय त्याचेच. डावा हात जड, एके ठिकाणी चूक, चाल छापल्यापेक्षा संथ. शंभरात अडुसष्ट."

"बरोबर आहे साहेब. नियमाबाहेर आम्हीही गाडी सोडत नाही."

"पण एक सांगतो," डॉक्टर जरा थांबून म्हणाले, "त्या बारा आकड्यांमध्ये मी पेन्सिल खाली ठेवली होती. सकाळपासून मी ती दुसऱ्या कुणासाठी ठेवलेली नाही."

सिबिलचा पहिला नंबर आला, एनॉकचा नववा. सिबिल चषक हातात घेऊन त्याच्यापाशी आली आणि म्हणाली, "मिस्टर बरो, मी तीनच मोजले. मला वाटलं, जास्त थांबले तर लोकांना वाटेल मी विसरले."

"वाटू देत," एनॉक म्हणाला. "आणि तुझे ते चार खण मला ह्या जन्मी येणार नाहीत. छान वाजवलंस, पोरी."

परतीच्या गाडीत मिस इनमन बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "चाळिसाव्या खणात डावा हात घसरला."

"घसरला."

"तिथे मी तिसरं बोट लिहिलं होतं. चौथं हवं होतं. चूक माझी." पुढच्या स्टेशनवर त्यांनी विचारलं, "मिस्टर बरो, ते बारा कुठून मोजता येतात?"

"केबिनच्या पायऱ्यांवरून. आत बाहेरच्यांना मनाई आहे."

मिस इनमन छत्तीस वर्षं क्रॅगफूटमध्ये राहत होत्या. त्यांच्या बैठकीची मोठी खिडकी खाडीकडेच होती, पण उन्हाने पियानोची चकाकी जाते म्हणून तिला जाड हिरवा पडदा कायमचा लावलेला असे. त्या आठवड्यात त्या घरून घडीची खुर्ची, छत्री आणि गुडघ्यांवर घ्यायला शाल घेऊन आल्या आणि केबिनच्या खाली बसल्या. एनॉकने वरून खिडकी उघडली आणि कुठे बघायचं ते सांगितलं. पाणी कमानी-कमानींतून मागे सरत गेलं. शेवटच्या कमानीतून पाण्याची जीभ निघून गेली आणि सगळी वाळू एकदम स्वस्थ झाली. बाई ओठ हलवत मोजायला लागल्या. मग लाल चोचीचा एक काळापांढरा पक्षी तिरका उतरला, त्याच्यामागून दुसरा, मग थवाच्या थवा.

"सोळा," त्या वर बघून म्हणाल्या.

"मी तेच म्हणत होतो. हॉलमध्ये लोक ताटकळले असते म्हणून बारा केले."

"पुढच्या वेळी सोळाच करा."

त्यानंतर बाईंनी पडदा काढून धुवायला टाकला. पुन्हा लावला तो दुपारी ऊन चढलं तेवढ्यापुरताच. सिबिललाही त्यांनी दोनदा खुर्ची देऊन पायऱ्यांखाली बसवलं.

सप्टेंबरात चॅपलचा सुगीचा चहा होता. विश्वस्तांनी ह्या वेळी स्वतःहून एनॉकला वाजवायला सांगितलं. म्हातारे टायसन म्हणाले, की संपत नसलं तरी चालेल, चहा भरपूर आहे. खोलीत बायका होत्या, पोरंटोरं होती, आणि मागच्या भिंतीला टेकून, टोप्या हातात धरून, सायलस आणि त्याचे सातआठ करंदीवाले उभे होते. संगीताला आलेले नव्हते. लोण्यात घातलेली करंदी त्यांनीच दिली होती आणि ती कुणी खाल्ली हे बघायला आलेले होते.

एनॉकने वाजवलं. विरामापाशी त्याने सोळा मोजले. कुणी खोकलं नाही. कुणी कुजबुजलं नाही. मागच्या भिंतीशी एक म्हातारा कोळी हळूच मान वर करून छताकडे बघायला लागला, पक्षी कुठून येतात ते बघावं तसा.

संपल्यावर टाळ्या वाजण्याआधी सायलस म्हणाला, "हे मार्चमधलं पाणी आहे."

"मार्च कसलं," शेजारचा म्हणाला. "मार्चला इतकं हळू उतरतं होय? हे भांगाचं पाणी, उधाणाचं नाही. जूनमधलं."

"जूनमध्ये एवढे पक्षी कुठले आणलेस? ते तर वर डोंगरात असतात अंड्यांवर."

"मग ऑक्टोबर. वारा वायव्येचा."

"वारा आहेच कुठे त्यात? वारा असता तर ती चमक मोडली असती. एनॉक, ते चमकीचं परत वाजव. ह्याला ऐकू दे."

"वारा आहे, पण जमिनीकडून आहे," मागून तिसरा म्हणाला. "मला विचारा. असल्याच दिवशी माझं चाक रुतलं होतं, चौदा सालात."

"तुझं चाक कोरड्या रस्त्यावरही रुततं."

डिना हातात चहाची किटली घेऊन मधे उभी होती, तिला कुणी कप पुढे करेना. मिस इनमननी पुढच्या रांगेतून मागे वळून पाहिलं आणि खुर्चीच त्यांच्याकडे वळवून घेतली. एनॉक स्टुलावर अर्धा वळून बसला होता. त्या दुपारी जितका खूष दिसला तितका तो स्पर्धेत दिसला नव्हता, लग्नात दिसला होता का ते डिनाने नंतर आठवून पाहिलं.

"कुठून वाजवू?" त्याने विचारलं.

"दहाव्या कमानीपासून," सायलस म्हणाला. "आणि आता जरा नीट, घाई न करता."

एनॉकने बाही वर सारली, पान उलटलं, आणि दहाव्या कमानीपासून सुरुवात केली.